बैठकीबाहेरच्या चपला

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, तशी मीही दरवर्षी येते. यंदा आले तर घरात धाकटा भाऊ एकटाच. भावजयही सणाला तिच्या माहेरी गेली होती, पण ती परत यायचं नाव घेत नव्हती. फोनवर तिने मला एकच गोष्ट सांगितली. शहाद्याला दारू सोडलेल्या लोकांची बैठक भरते, तिथे हे एकदा जरी जाऊन बसले, तरी मी पोरांना घेऊन परत येते. घटस्फोट नाही, पोटगी नाही. या बाईने नवऱ्याचं एका खोलीत बसणं मागितलं.

सणाचं जेवण आटोपल्यावर भावाने माझ्यासाठी आणलेली साडी पुढे केली. मी हात मागे घेतला.

"माले साडी नही पाहिजे. येक दिन मन्हासंगे चाल."

कुठे, ते त्याला कळलं. त्याने साडी पुन्हा पिशवीत घातली. मग म्हणाला, "आखाजी शे, तुले नही कसं म्हनू?"

रविवारी सकाळपासून त्याने थेंब घेतला नाही. एसटीत खिडकीशी बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. बैठकीचा कागद मी मागच्या खेपेला स्टँडवरच्या खांबावर पाहिला होता. रविवारी दुपारी, अमुक शाळेत. शाळा गाठली तर फाटकाला कुलूप. उन्हाळ्याची सुट्टी! मी स्वतः शाळेत शिकवते, आणि सुट्टीत शाळा बंद असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिथेच मला रडू यायला लागलं होतं, पण रडले असते तर तो लगेच घरी चल म्हणाला असता.

समोर रसवंती होती. दोन ग्लास रस सांगितला आणि हळूच विचारलं, "इथे शाळेत बैठक भरायची ती कुठे गेली?"

"कोणती बैठक? भागवतनी का लगीननी?"

वर्गात साठ पोरांना गप्प करणारी मी, तिथे माझीच वाचा बसली. रसवाल्याचं लक्ष भावाच्या हातातल्या ग्लासाकडे गेलं. रस काठावरून सांडत होता. त्याने आणखी काही न विचारता हात केला. "वाचनालयना मांगे खोली शे, तठे जा."

खोलीच्या दाराशी चपलांची रांग होती. भावाने आपल्या चपला काढून रांगेत नीट ठेवल्या. माझा जीव भांड्यात पडला. आता उंबरठा तेवढा राहिला होता. तेवढ्यात आतून एक वयस्कर गृहस्थ आले, त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, आज फक्त पेणारास्नी बैठक शे. घरना लोकेस्नी महिनामा येकदाव ऱ्हास. तुम्हले बाहेर बसनं पडी."

"ताई ऊनी तं मी येस," भाऊ म्हणाला. "नही तं नही."

मी त्यांना हात जोडले. कोपऱ्यात बसते, कान बंद करते, तोंड भिंतीकडे करते म्हटलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, पण आत बसलेल्या माणसांना त्यांनी शब्द दिला होता. त्याला ओढत आत न्या म्हटलं, तर ते नुसती मान हलवत राहिले. "त्याले सोता येनं पडस, ताई." ते आत गेले. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. ज्याला मुभा होती तो जात नव्हता, आणि जिला जायचं होतं तिला मनाई. असा राग आला मला! त्याचा, त्या नियमाचा, आखाजीचासुद्धा. आत कोणीतरी बोलत होतं, मग एकदम हशा पिकला. भाऊ दचकला.

"त्या हासी ऱ्हायनात," तो म्हणाला.

"मग जाय ना. तू बी हास."

तो उठला. उंबरठ्यापर्यंत गेला, चौकटीला हात लावला आणि वळला. "पानी पिसन येस मी."

पाण्याचा माठ दाराशीच होता. आम्हा दोघांनाही तो दिसत होता. भाऊ अनवाणीच रस्त्याकडे गेला, आणि मी वेड्यासारखी मनाला समजावत राहिले की चपला इथे आहेत म्हणजे माणूस परत येणार.

बैठक सुटली. एकेक जण बाहेर आला, मला नमस्कार करून चपला घालून गेला. शेवटी एकच जोड उरला. कुलूप लावता लावता ते गृहस्थ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्या चपला, ताई. पुढला रविवारले बी आम्ही आठेच शेत, याच खोलीमा."

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पण डांबर चटके देत होतं आणि माझा भाऊ अनवाणी होता. मी चपला उचलल्या.

कुठे असणार ते शोधावं लागलं नाही. स्टँडमागच्या देशी दारूच्या दुकानात बाकावर बसला होता. पुढ्यातला ग्लास रिकामा होता आणि हात आता स्थिर होते. सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली.

"तू काबरं ऊनी आठे?" त्याचा आवाज रडवेला झाला.

"चपला लई ऊनू."

मी वाकून त्या त्याच्या पायांपुढे ठेवल्या. तळवे लाल झाले होते. त्याने चपलांत पाय सरकवले, पण उठला नाही. माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. भावजयीचाच असणार.