बुधवारचा पांढरा चेंडू

हिरव्या कापडावर घरंगळत आलेला पांढरा चेंडू थांबताना पाहिला, की चाकणच्या त्या चौकशीचे तीन दिवस माझ्यासमोर जसेच्या तसे उभे राहतात. ज्या हवालदारांमुळे तो तपास मार्गी लागला, ते चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या तेराव्याहून परतताना ठरवले की हे एकदा लिहून ठेवायचे. मला लिहायला वेळ लागतो. ते असते तर म्हणाले असते, "साहेब, एवढ्या टायमात आमी चार पंचनामे लिवलं असतं."

मी तेव्हा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. गुरुवारी सकाळची हजेरी चालू असतानाच ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. एका कारखान्याचा सुरक्षा अधिकारी बोलत होता. त्यांच्या मापन कक्षातून गेज ब्लॉकची पेटी नाहीशी झाली होती.

गेज ब्लॉक म्हणजे चिक्कीच्या वड्यांसारखे दिसणारे चकचकीत पोलादी तुकडे. कारखान्यातली सगळी मापे ज्या मापांवरून तपासतात, ती ही मापे. लाकडी पेटीत, प्रत्येकाच्या खाचेत, तेल लावून ठेवलेली. सोमवारी परदेशी ग्राहकाचे ऑडिट होते आणि पेटीची जागा रिकामी होती.

संशयित आयताच मिळाला होता. मापन कक्षात काम करणारा क्वालिटी इन्स्पेक्टर, तिशीतला, मूळचा लातूरकडचा, सांगवीत बायको-मुलीसह राहणारा. स्टोअरकीपरने सांगितले, "बुधवारी पाच वाजता हा मागच्या दाराजवळ पिशवी घेऊन उभा होता. मी डोळ्यांनी पाहिलंय." त्याची शिफ्ट तर तीनलाच सुटली होती. फिर्याद नोंदवून घेतली, मापन कक्षाचा पंचनामा केला आणि त्याला चौकशीसाठी बोलावले.

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, पुढच्या महिन्यात त्याला कायम करायचं पत्र निघणार होतं. आता सोमवारपर्यंत काही उलगडा झाला नाही, तर दुसरं पत्र टाइप करून ठेवलंय."

तो आला. इस्त्रीचा निळा युनिफॉर्म, तेल लावून बसवलेला भांग. मी त्या वयात जोरात विचारले की खरे बाहेर येते अशा समजुतीचा होतो.

"बुधवारी तीन ते सहा कुठे होता?"

"घरी गेलो, साहेब."

घरी फोन लावला. त्याची बायको म्हणाली, "बुधवारी? बुधवारी त्यांचा ओव्हरटाइम असतोय की. दर बुधवारी असतोय."

कारखान्यात विचारले. दोन वर्षांत त्याने एकाही बुधवारी ओव्हरटाइम केलेला नव्हता.

मला वाटले, झाले काम. टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, तोच प्रश्न दहा वेळा विचारला.  शेवटी तो एवढेच म्हणाला, "साहेब, पेटी मी नेली नाही. पण कुठं होतो ते सांगता येत नाही मला. पोरीचा प्रश्न आहे."

पोरीचा काय प्रश्न, ते काही सांगेना. अटक करण्याइतका पुरावा नव्हता. संध्याकाळी समज देऊन त्याला घरी सोडले आणि मी वैतागून चहा मागवला.

हवालदार इतका वेळ कोपऱ्यात स्टेशन डायरी घेऊन बसले होते. जुन्या चाकणचे, मूळ गावातले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. चहा बशीत ओतत म्हणाले, "साहेब, त्यानं पेनाशी काय चाळा केला, बघितला का?"

"चाळा?"

त्यांनी डावा हात टेबलावर टेकवला, बोटे पसरली, अंगठा वर उचलला आणि अंगठ्याच्या खाचेत पेन ठेवून उजव्या हाताने ते मागेपुढे सरकवू लागले. हळू, सरळ, न थरथरता.

"तुमी वरडत हुता तवा त्यो ह्ये करत हुता. गडी स्नूकर खेळतोय. आन साधासुधा न्हाई."

मला माहीत नव्हते, पण पोलिसात भरती होण्यापूर्वी हवालदार पुण्यातल्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, चेंडू परत जागेवर ठेवणारा. टेबलाशेजारी उभे राहून त्यांनी चार वर्षे दुसऱ्यांचा खेळ पाहिला होता.

शुक्रवारी सकाळी कंपनीच्या बसचा चालक गाठला. तो म्हणाला, "बुधवारी तो सांगवीला उतरतच नाही, भाऊ. अलीकडं पिंपळे गुरवला उतरतो. सव्वाचारच्या सुमाराला." तिथे दोन स्नूकर पार्लर होती. पहिल्यात काही नाही. दुसरे एका मोबाइलच्या दुकानाच्या वर, तीन टेबलांचे. मालक नुकताच शटर उघडत होता. खाकी पाहून त्याच्या हातातून कुलूपच पडले.

"दुपारी मी नसतो, साहेब. मार्कर असतो. तो काल गावच्या जत्रेला गेलाय, फोन लागत नाही." त्याने रजिस्टर पुढे केले. बुधवार, चार वीस ते सहा, टेबल दोन. नावाच्या रकान्यात लिहिले होते, 'बुधवारवाले'.

"हे काय नाव झालं?"

"मार्करला नावं विचारायचा कंटाळा आहे, साहेब. पण कॅमेरा आहे ना. कापड फाडतात आणि कबूल करत नाहीत, म्हणून प्रत्येक टेबलावर बसवलाय."

कॅमेरा बरोबर टेबलाच्या डोक्यावर होता. त्यामुळे फक्त टेबल दिसत होते. चेंडू, क्यूची काठी, निळ्या बाह्यांचे दोन हात. चेहरा नाही. आणि निळी बाही चाकणला कुणाची नसते?

पण त्या हातांचा खेळ पाहून हवालदार खुर्चीत पुढे सरकले. तो माणूस एकच लाल चेंडू ठेवत होता. कापडावर एका जागी हिरव्या कागदाचा छोटा तुकडा चिकटवला होता. पांढरा लालवर आदळे, लाल कुठेतरी जाई, आणि पांढरा मागे येऊन त्या कागदावर थांबे. कागद हलवायचा, परत तेच. कधी पुढे जाऊन थांबवायचा, कधी कडेला लावून. दीड तासात त्याने लाल चेंडू कुठे गेला याकडे लक्षच दिले नाही.

"हा लाल टेबलाच्या खिशात का घालत नाही?" मी विचारले.

"समदे लाल कुठं जातोय त्येच बघत्यात, साहेब. तुमी पांढरा कुठं थांबतोय त्ये बघा. फुडला फटका तिथनं मारायचा असतोय." हवालदारांनी पडद्यावर बोट ठेवले. "अशी हुकमत मी क्लबात दोघा-तिघांचीच बघितली. आन त्यो कागद बघा की."

मी वाकून पाहिले. हिरवा, एका कोपऱ्याला भोक असलेला. तपासलेल्या मालाला लावायचे ते 'ओके'चे टॅग. आदल्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी मापन कक्षात मी त्यांचा गठ्ठा पाहिला होता.

दुपारी त्याला पार्लरवर घेऊन गेलो. बरोबर त्याची बायकोही आली. सकाळपासून ती ठाण्याच्या बाकावर बसून होती. "तुम्ही जिथं न्याल तिथं मी येणार," एवढे एकच वाक्य तिने मला तीनदा ऐकवले होते. मुलगी शाळेत होती. गुणफलकाखालच्या बाकावर बायको पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

"हा खेळ येतो का?" मी त्याला विचारले.

"नाही, साहेब." तो जमिनीकडे पाहत होता.

मी पुढचा प्रश्न दामटणार, तेवढ्यात हवालदारांनी माझ्या हातात क्यू दिला. "ऱ्हाऊ द्या, साहेब. आलोच हाय तर एक फटका मारून बघा की. त्यो लाल घाला, आन पांढरा जाग्यावर थांबवा."

मी आयुष्यात पहिल्यांदा क्यू धरला होता. जोर लावून मारले. लाल खिशात गेला. मला भलताच आनंद झाला. पांढराही त्याच्या मागोमाग खिशात गेला.

"परत," हवालदार गंभीरपणे म्हणाले.

आणखी जोर लावला. पांढरा टेबलावरून उडून मालकाच्या काउंटरखाली गेला. मालक तो शोधायला गुडघ्यावर बसला. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा पांढरा तीन कडांना आपटून पुन्हा खिशात. समोर उभ्या माणसाच्या कपाळावर घाम आला होता. त्याची बोटे पँटवर नुसती वळवळत होती. मी पाचव्यांदा वाकलो, क्यू मागे खेचला, आणि तो कळवळून म्हणाला,

"साहेब, खाली मारा! आणि हळू!"



"मध्यावर मारून भागत नाही," त्याला आता थांबता येईना. "लाल लांब आहे ना. वाटेत कापड उलटी फिरकी खाऊन टाकतं. लाल जवळ असेल तर मध्याच्या जरा खाली, लांब असेल तर अजून खाली. जोर नका लावू, हात पुढं जाऊ द्या नुसता."

मी बोलण्याआधीच बाकावरून प्रश्न आला.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

तो वळला. बायको उभी राहिली होती.

"बुधवारचा ओव्हरटाइम म्हणजे ह्यो?"

मग सगळे बाहेर आले. मुलगी जन्मली त्या दिवशी हा लातुरात स्नूकरच्या टेबलावर होता. दवाखान्यातून अकरा फोन आले, याने एकही घेतला नाही. बाराव्या दिवशी बायकोने त्याला बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती की पुन्हा खेळणार नाही. चार वर्षे त्याने पाळली. मग पिंपळे गुरवला बसमधून पार्लरची पाटी दिसली.

"पण मी खेळलो नाही," तो मला सांगत होता, पण बोलत होता तिच्याशी. "कुणाशी सामना नाही, एक गुण मांडला नाही. फक्त पांढरा थांबवत होतो. त्याला काय खेळणं म्हणत नाहीत. तरी पोरगी शिंकली की माझा जीव जायचा. आणि काल कबूल केलं असतं तर शपथ मोडली असं माझ्याच तोंडानं..."

"म्हणून चोर व्हायला निघालात?" ती म्हणाली. "दोन दिवस शेजारच्या बाया माझ्याकडं बघायल्यात. मी देवाला म्हणत होते, काहीही निघू दे, चोरी निघू देऊ नको. आणि तुम्ही इथं चेंडू थांबवायलात!"

हवालदार खाकरले. "ताई, कॅमेऱ्यात चेहरा न्हाई. ह्यांनी त्योच फटका आमच्या म्होरं मारून दावला, तर पंचांच्या सह्या घिऊन कागद करता यील. सोमवारच्या आत."

मी क्यू पुढे केला. त्याने हात मागे घेतला. "नको. मुलीची शपथ आहे, साहेब."

 बायको पर्स बाकावर ठेवून टेबलापाशी आली.

"शपथ मी घातली होती ना? मग मीच सोडते. सुटली. सुटली, सुटली. आता मारा, आणि नीट मारा."

मालकाने खालून दोन पंच आणले. हिरवा टॅग कापडावर ठेवला. क्वालिटीवाल्याने क्यूच्या टोकाला चॉक लावला, वाकला, आणि त्याचा चेहरा एकदम निवळला. टक्क असा बारीक आवाज झाला. पांढरा लालवर आदळला, क्षणभर जागीच फिरला, मग सावकाश मागे आला आणि टॅगवर थांबला. सलग पाच वेळा. सहाव्या वेळी पंचांपैकी एकाने टाळी वाजवली. पंचनाम्यात टाळीची नोंद घेतलेली नाही.

याचा अर्थ, पाच वाजता त्याला मागच्या दारापाशी पाहणारा खोटे बोलत होता. मी जीपकडे धावलो. स्टोअरकीपरला आताच्या आता उचलायचा होता. हवालदार आरामात येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, परत जोरात मारायला निघालात जनू."

शनिवारी सकाळी मी स्टोअरकीपरला बोलावले आणि पेटीचा विषयच काढला नाही. चहा दिला. स्टोअरचे काम कसे असते ते विचारले. वीस वर्षे त्याला ते कुणी विचारले नसावे. तो बोलू लागला; माल हातून पडला तर किती कटकट होते, ते दोनदा बोलून गेला. मग मी सहज विचारले, "एखादा गेज ब्लॉक हातून पडला तर काय करतात हो?"

"नापास म्हणून लाल टॅग लावायचा, साहेब. रिपोर्ट लिहायचा, कुणाच्या हातून पडला त्याचं नाव घालायचं, पेटी लॅबला पाठवायची..." तो थांबला. मी माझा चहा संपवला. बाहेर ठाणे अंमलदार कुणाला तरी अर्ज कसा लिहायचा ते सांगत होता.

"बारीक कोपरा गेलाय फक्त, साहेब," तो म्हणाला आणि रडू लागला. "तांदळाच्या कणीएवढा."

पेटी लाल टॅगच्या रॅकमागे, जुन्या फायलींच्या खाली सापडली. बुधवारी आवराआवरीत त्याच्या हातून ती पडली होती. ऑडिटच्या तोंडावर रिपोर्टमध्ये आपले नाव लागेल या भीतीने त्याने ती लपवली. गुरुवारी सुरक्षा अधिकारी विचारू लागला, तेव्हा घाबरून तोंडात आले ते पहिले नाव घेतले. चोरी झालीच नव्हती. जत्रेहून परतलेल्या मार्करचा जबाब घेऊन आम्ही न्यायालयाला सी समरी पाठवली, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचा अहवाल. मॅनेजरने टाइप केलेले पत्र माझ्यादेखत फाडले. स्टोअरकीपरला कंपनीने ताकीद दिली. त्याच्यावर आणखी काही कारवाई करू नका, असे सांगायला क्वालिटीवाला स्वतः मॅनेजरकडे गेला होता, हे मला नंतर कळले.

पुढे नोकरीच्या उरलेल्या वर्षांत मी बऱ्याच चौकशा केल्या. उत्तर मिळवण्याच्या घाईत माणूस पार बिथरवून ठेवायचा आणि मग पुढचा प्रश्न विचारायला जागाच उरायची नाही, ही चूक माझ्याकडून आधी किती वेळा झाली असेल, ते त्या शनिवारी प्रथम लक्षात आले. त्यानंतर प्रश्न विचारताना मी त्याच्या पुढच्या प्रश्नाचा विचार करू लागलो. आवाज आपोआप खाली आला. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते. हवालदार निवृत्त होताना त्यांना मी तसे सांगितले, तर म्हणाले, "मंग फी द्या की साहेब. वडापाव चालंल."

आता बुधवारी दुपारी मी पिंपळे गुरवला जातो. पूर्वी हवालदार माझ्याबरोबर यायचे, चेंडू जागेवर ठेवायचे आणि मार्करला त्याचे काम शिकवायचे. क्वालिटीवाला पुढच्याच महिन्यात कायम झाला आणि आता बुधवारी घरी खरे सांगून येतो. हवालदारांच्या तेराव्यानंतरच्या पहिल्या बुधवारी आम्ही दोघेच होतो. बराच वेळ कुणी क्यू उचलला नाही. मग त्याने खिशातून हिरवा टॅग काढून कापडावर ठेवला आणि हवालदार ठेवायचे तसाच, दोन बोटांनी, लाल चेंडू जागेवर ठेवला.

मी खाली मारले आणि हळू मारले. पांढरा मागे आला आणि टॅगच्या चार बोटे अलीकडे थांबला.

त्याने वाकून, एक डोळा मिटून, गेज तपासावा तसे ते अंतर तपासले.

"नापास," तो म्हणाला. "परत मारा, साहेब."