ताईने पाहिलेला शनिवारवाडा
हिंजवडीत आमच्या कंपनीसमोरची हिरवळ कापली, की त्या ओल्या वासाने मला शनिवारवाड्यातली एक दुपार आठवते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि ताई उपचारांसाठी यवतमाळहून माझ्याकडे आली होती. त्या सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आता त्यांना घरी न्या, असं सांगितलं. गाडी रात्रीची होती. "पुणं तं पाह्यलंच नाही," ताई म्हणाली, म्हणून आम्ही गेलो. गाईड उघड्या जोत्यांवरून फिरवत, इथे महाल होता, इथे दिवाणखाना, असं सांगत होता. कोरड्या कारंज्यापाशी आमच्या घोळक्यातली एक कॉलेजची मुलगी त्याने सांगितलेल्या इतिहासावरून त्याच्याशी वाद घालू लागली. "मग आता तुम्हीच सांगा, मी ऐकतो," तो म्हणाला, तर तिने खरंच सांगायला सुरुवात केली. कितीतरी दिवसांनी ताई हसली. बागेत हिरवळ कापत होते, तिथे बाकावर टेकल्यावर म्हणाली, "माह्या पोरीले इथं आणजो. अशीच शिकवजो." "तूच घेऊन ये की," मी म्हणालो. "मले समजते रे सारं," ती म्हणाली आणि त्या मुलीकडे बघत राहिली. पावसाळ्याआधीच ताई गेली. पुढे दाजींनी पोरीला दहावीनंतर घरी बसवलं आणि लग्न लावून दिलं. मी भांडलो, हातापाया पडलो, कुणी ऐकलं नाही. आता भाची दोन लेकरांची आई आहे. फोन केला की "मामा, जेवले का?" एवढंच विचारते, आणि मी तिच्या लेकरांच्या शाळेचं विचारतो.