बिनहळदीचे डबे

कचेरीसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या मनुष्याने स्वयंपाकाच्या विषयावर लेखणी उचलावी, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्यांस नम्रपणे कळवू इच्छितो की अर्ज काय आणि डबा काय, दोहोंमध्ये थोडक्या जागेत सर्व आवश्यक ते बसवावे लागते, आणि हे काम सर्वांस साधत नाही. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि बंगळुराजवळच्या येलहंक्याच्या सरकारी कचेरीसमोरील करंजाच्या झाडाखाली बसून मी कानडीत, आणि प्रसंगी इंग्रजीतही, जे अर्ज लिहिले ते कारकुनाने परत फिरवल्याचे सहसा घडले नाही. ज्या उत्साहाने मी ते अर्ज लिहीत असे, त्याहून अधिक उत्साहाने एके काळी मी डबे भरले आहेत. त्या दिवसांची आठवण झाली की आजही माझे हात शिवशिवतात.

नव्वदीच्या दशकातील ती वर्षे. बंगळुरात जिकडेतिकडे तयार कपड्यांचे कारखाने निघत होते. गार्मेंट म्हणत त्यांना सगळे. आमच्या कचेरीच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, एका नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर असाच एक कारखाना सुरू झाला. सकाळी बायकांची रांग जिन्याने वर जाई आणि दिवसभर शिवणयंत्रांची घरघर खाली माझ्या टेबलापर्यंत ऐकू येई. माझ्या पत्नीने तोवर शेजारणींची पोलकी आणि पोरांच्या चड्ड्या शिवल्या होत्या. एका रात्री मला वाढता वाढता ती म्हणाली, “अहो, त्या समोरच्या गार्मेंटमध्ये बायका घेतायत. मी विचारून आले.”

“विचारून आलीस?”

“शिवूनही दाखवलं. कॉलर. उद्यापासून या म्हणाले. तीन महिने बघणार, मग कायम करणार.”

माझ्या आईने कोपऱ्यातून विचारले, “आणि इथली चूल कोण बघणार? हे तुझे यजमान?”

आईने हे टोमणा म्हणून विचारले होते. परंतु त्या क्षणी माझ्या मनात एकदम वीज चमकावी तसे झाले आणि मी उत्तर दिले, “होय. दुपारच्या डब्यांची संपूर्ण व्यवस्था माझ्याकडे. आई, तू भाकरी भाज, पुढचे सर्व मी बघतो.”

 हातातली पळी पत्नीने आमटीत परत ठेवली आणि म्हणाली, “मला ते काम करायचंय बरं का. मधेच सोडायला लावू नका.” एवढे स्पष्ट बोलताना मी तिला प्रथमच ऐकले. तेव्हाच मी मनाशी ठरवले की ही नोकरी डब्यापायी जाता कामा नये.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून कामाला लागलो. पहिला डबा साधाच होता: पोळी, बटाट्याची पिवळी भाजी आणि लिंबाची फोड. माझ्यासाठी तसाच दुसरा. संध्याकाळी तिचा डबा जसाच्या तसा परत आला.

“वेळच मिळाला नाही,” ती म्हणाली. “अर्धा तास सुट्टी. हात धुवायलाच रांग लागते.”

मी या अडचणीचा मुद्देसूद विचार केला. वेळ कमी असेल तर जेवण असे हवे की एका हाताने, न मोडता, न सांडता खाता येईल. मी पोळीला तूप आणि हळदीची चटणीपूड लावून तिची घट्ट गुंडाळी केली आणि केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधली. भाजी वगळली. ही युक्ती मला स्वतःलाच इतकी आवडली की सकाळी मी एक गुंडाळी उभ्या उभ्या खाऊनही पाहिली आणि घड्याळ लावून आईला दाखवले. आई म्हणाली, “स्वल्प शांत हो. पोळीच आहे ती.”

संध्याकाळी गुंडाळ्या परत आल्या.

“अहो, बोटांना पिवळं लागतं,” पत्नी खाली बघून म्हणाली. “आमच्याकडे पांढरे शर्ट चाललेत, परदेशी जायचे. काल एका बाईच्या हळदीच्या बोटांचा डाग कॉलरवर उठला. सुपरवायझरने सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं, पुन्हा दिसलं तर घरी बसा.”

खरे सांगतो, हे ऐकून मला आनंदच झाला. आता खरा प्रश्न हाती लागला, असे मला वाटले. आमच्या घरी हळदीशिवाय काही शिजत नसे. आता हळद नाही, लाल तिखट नाही, तेलाचा थेंब बोटाला लागणार नाही, आणि तरीही दुपारी पोटाला आधार होईल असा डबा मला रचायचा होता. तोही घरात जे असेल त्यातूनच. मी बाजाराच्या पिशव्या पालथ्या घातल्या. दहीभात आले-कोथिंबिरीचा, पण तेलाविना. त्यात दही कमी आणि दूध जास्त, म्हणजे दुपारपर्यंत आंबत नाही. ओल्या खोबऱ्याचा भात, मीठ आणि हिरवी मिरची चिरून. तांदळाच्या भाकरीत कांदा आणि जिरे मळून. आदल्या रात्रीच्या इडल्या सकाळी कुस्करून. भिजवलेले पोहे, ताकात. भाजलेल्या दाण्यांची कोरडी चटणी, मिरचीच्या जागी मिरे. एकेक पदार्थ मी पांढऱ्या फडक्यावर ठेवून उचलत असे आणि फडक्यावर डाग दिसला तर तो पदार्थ बाद. माझ्या ओळखीत अशी परीक्षा कोणी घेत नव्हते.

आई मात्र चुलीजवळ बसून कपाळाला हात लावी. “हळद नाही, फोडणी नाही. हे काय सुतकाचं जेवण आहे? कोण गेलंय या घरात?”

“आई, हा पांढऱ्या शर्टाचा मामला आहे.”

“शर्ट घालून जेवतात की काय तिकडे?”

पत्नी तोंडावर पदर घेऊन हसली. तिला हसताना पाहून मला अधिकच जोर चढला.

आणि तरीही डबा परतच येत होता. कधी एखादा घास कमी, बहुधा भरलेलाच. मी विचारले तर कधी भूक नव्हती, कधी यंत्र बिघडले होते, कधी शेजारणीचा वाढदिवस होता. मी समजलो की आईच्या बोलण्याचा परिणाम झाला असावा, सुतकाचे जेवण म्हटल्यावर घास उतरणार कसा? म्हणून मी पांढऱ्या डब्यात रंग आणला: काकडीच्या चकत्या, हिरव्या शेंगा, हंगाम होता म्हणून सोललेल्या फणसाचे गरे. मी दिवसेंदिवस अधिक कल्पक होत गेलो आणि ती दिवसेंदिवस अधिक हडकत गेली.

मग एका दुपारी माझ्या टेबलाभोवती नेहमीसारखी गर्दी होती. येथे सांगितले पाहिजे की कचेरीची खिडकी दुपारच्या सुट्टीपूर्वी बंद होत असे, त्यामुळे तिच्या आधीच्या तासाभरात सर्वांचीच घाई उडे. त्या वेळेस मी मान वर करीत नसे. गर्दी ओसरली, कारकून आत गेले, की दोनच्या सुमारास मी झाडाच्या मागच्या बाजूस जाऊन, लोकांकडे पाठ करून जेवत असे. ज्याच्या सहीच्या वर मी ‘आपला आज्ञाधारक’ लिहितो त्या पक्षकाराने मला बोटे चाटताना पाहू नये, हा माझा नियम होता आणि मी तो पाळला होता.

त्या गर्दीतून एक बाई थेट टेबलाशी आली. गळ्यात मोजपट्टी, केसांवर धागे. ती माझ्या पत्नीच्या शेजारच्या यंत्रावर बसणारी, बेळगावकडची. मी तिला ओळखत नव्हतो, ती मला चांगली ओळखत होती.

“अण्णा, तुमची बायको यंत्रावर आडवी झाली. पाणी मारलं, उठली. घाबरू नका.”

मी उठलो. लेखणी दौतीत तशीच राहिली.

“वर सोडणार न्हाईत तुम्हाला. बसा आधी. ती बरी हाय आता. पण सुपरवायझर काय म्हणाला, ऐका. परत एकदा चक्कर आली तर घरी पाठवणार. तीन महिने होत आलेत, कायम करायच्या यादीत नाव हाय तिचं.”

“चक्कर कशाने? डबा तर मी...”

“डबा!” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की रांगेतील सर्वांनी वळून पाहिले. “डबा उत्तम असतो की वो तुमचा. आम्ही सगळ्या वास घेत बसतो. पण ती उघडतच न्हाई. वर बघा. जिन्याची खिडकी दिसते? सुट्टी झाली की ती तिथं येऊन उभी ऱ्हाते. तुम्ही लिहीत बसलेला, तुमचा डबा झाडाला टांगलेला. मग परत येते आणि नुसतं पाणी पिते. विचारलं तर म्हणते, यजमान जेवले न्हाईत अजून.”

मी मान वर केली. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर एक उभी खिडकी होती, तिला काच नव्हती, नुसते गज. तेथून माझे टेबल, माझा डबा आणि मी, सर्व काही उघड्यावर मांडल्यासारखे दिसत असणार. ती माझ्यानंतरच जेवते हे मी लग्नापासून पाहत आलो होतो. परंतु ही रीत रस्ता ओलांडून दुसऱ्या मजल्यावर जाऊन उभी राहील असे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

त्या रात्री मी तिच्यापुढे एक तोडगा मांडला. सकाळी डबे भरताना दोन्ही डब्यांतील एकेक घास मीच आधी खाईन. म्हणजे जेवणाची सुरुवात माझ्याकडून झालेली असेल, आणि पुढील भाग तिने केव्हाही पूर्ण करण्यास हरकत उरणार नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतले. “घास म्हणजे जेवण होतं का हो?”

“सुरुवात तर होते.”

“तुमच्या कचेरीत होत असेल,” ती म्हणाली. “मला ते गिळायला यायला हवं ना. मी बघितलं पाहिजे.”

“आणि तू माझ्या आधी जेवलीस तर काय होईल?”

“काही होणार नाही. मला माहीत आहे. तरी नाही होत माझ्याच्याने.” मग म्हणाली, “नोकरी मात्र मला हवी आहे.”

 एकच मार्ग उरला होता आणि तो माझ्याच टेबलावरून जात होता.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही डब्यांत एकसारखे भरले: खोबऱ्याचा भात, तांदळाची भाकरी, दाण्यांची कोरडी चटणी, काकडी.  कारखान्याची सुट्टीची घंटा वाजली तेव्हा गर्दी अगदी भर रंगात आली होती आणि टेबलासमोर गावाकडचे एक गौडर, म्हणजे पाटील, बसले होते. वजनदार गृहस्थ, जमिनीचा अर्ज, आणि तोही खिडकी बंद होण्यापूर्वी हवा. मी अर्ध्या ओळीवर लेखणी ठेवली, कागद बाजूला केले, आणि झाडाला टांगलेला डबा काढून टेबलाच्या मधोमध, सर्वांसमक्ष उघडला.

“काय हे स्वामी?” गौडर म्हणाले. “माझा अर्ज?”

“जेवण झाल्यावर.”

“खिडकी बंद होईल!”

“पळत नेऊन देईन. आता मला जेवलेच पाहिजे.”

“पोटात काही दुखतंय का?”

मी वर पाहिले. खिडकीत ती उभी होती आणि तिच्यामागे आणखी चार-पाच डोकी. बेळगावची बाई गजांतून हात हलवत ओरडली, “अण्णा, मोठा घास घ्या! दिसत न्हाई इथून!”

रांगेत हशा पिकला. गौडरांनी मान वळवून वर पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर, आणि त्यांना काय उमगले ते त्यांनाच ठाऊक. ते स्टुलावर सैलावून बसले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “सरी, सरी. ऊट माडी. जेवा निवांत.” आणि मागच्या लोकांना दटावले, “ढकलू नका रे, माणूस जेवतोय!”

मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, त्यावर चटणी घेतली, हात उंच केला म्हणजे वरून दिसावे, आणि तो घास तोंडात घातला. माझ्या आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी कधी जेवलो नव्हतो. कान तापले होते, चव काही कळत नव्हती, पण इतका उल्हास मला एखादा अर्ज मंजूर झाल्यावरही वाटला नव्हता. दुसरा घास, तिसरा, भात, काकडी. मी थांबलो नाही. पुन्हा वर पाहिले तेव्हा खिडकी रिकामी होती. ती आत गेली होती, जेवायला.

डबा संपवून मी हात धुतले, गौडरांचा अर्ज पूर्ण केला आणि खरोखरच धावत जाऊन कचेरीच्या खिडकीत दिला. कारकून म्हणाला, “आज तोंडाला भात लागलाय तुमच्या.” मी म्हणालो, “राहू द्या.”

त्यानंतर मी रोज घंटेला जेवू लागलो. कामे मागेपुढे झाली, काही पक्षकार चिडून पलीकडच्या टेबलाकडे गेले, काही मुद्दाम त्याच वेळेला येऊन माझ्या डब्यात काय आहे ते विचारू लागले. त्यांतील दोघातिघांना मी दुधातल्या दहीभाताची कृती तोंडी सांगितलीही. तीन महिने पुरे झाले त्या दिवशी पत्नी संध्याकाळी जिना उतरून थेट माझ्या टेबलाशी आली. मोकळा डबा तिने माझ्या कागदांवर ठेवला आणि पक्षकारांच्या स्टुलावर बसली.

“कायम केलं,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून माझ्या डब्यात तिसऱ्या भाकरीचं बघा. माझ्या शेजारणीला तुमची चटणी आवडली, अर्धी तीच खाते.”