देवाची साप्ताहिक सुट्टी

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो मांडीवर डबा धरून बसायचा. आमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी. एकदा तो म्हणाला, “गुरुवारी मी हात जोडत न्हाई. देवालाबी सुट्टी नको व्हय? तुमाला ओव्हरटाइम लावला की चिडता ना राव?”

गुरुवारचा उपास करणारे भडकले. नमाज पढणारा म्हणाला, देव थकत नसतो. बुद्धवंदना घेणारा म्हणाला, देवच नाही तर सुट्टी कुणाला? एरवी खिडकीवरून भांडणारी ही माणसं त्याला वेडा ठरवायला मात्र एक झाली.

दुसऱ्या दिवशी कुणीच त्याला जागा दिली नाही. चाकणपर्यंत तो उभा होता. त्या सगळ्यांची मला अजून चीड येते. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर मी माझी बॅग ठेवली होती.