पेन्सिलीतलं कार्ड

यमुनाबाईंच्या सुनेचा, रंजनाचा फोन आला तेव्हा मी देव्हाऱ्यातली आदल्या दिवशीची फुलं उतरवत होते. "म्याडम, आमच्या आई गेल्या," ती म्हणाली. "सकाळीच. अकोल्याले, ताईच्या घरी." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. 'बरं' का म्हटलं, ते नंतर कितीतरी वेळ मनाला लागून राहिलं... हातातली फुलं त्यांच्याच मळ्यातली होती.

इरा आणि नील, माझ्या नातवंडांनो, यमुनाबाईंना तुम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे. रविवारी आपलं बोलणं चालू असताना मागे पायरीवर बसून बशीतून चहा पिणाऱ्या त्याच. बडनेरा रस्त्याच्या पलीकडे त्यांचा फुलांचा मळा. तीस वर्षं त्यांनी मला रोज फुलांची पुडी दिली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून निवृत्तीनंतरही मी त्यांची म्याडमच राहिले. देवाला जाणाऱ्या फुलाचा वास त्यांनी कधी घेतला नाही. तोडतानासुद्धा मान वळवून तोडायच्या.

तुम्ही दोघं फोनवर एकेका शब्दाचा अर्थ विचारू लागलात, तेव्हा मी कार्डांचा डबा केला. वरच्या ओळीत शब्द, खाली अर्थ, अक्षरानुक्रमे लावलेले. आधी कोश बघून पेन्सिलीने लिहायचं आणि मग शाईने पक्कं करायचं, अशी माझी पद्धत. एकदा चहा होईपर्यंत सहज म्हणून मी यमुनाबाईंना 'वैराग्य' वाचून दाखवलं... विषयांविषयी आसक्ती नसणे. त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे मोगरा तोडताना बोटाले वास लागते, पण मोगरा आपला नाई, तसं?" मी त्यांचं वाक्य कोशाच्या वाक्याखाली लिहिलं आणि दोन्हींवरून शाई फिरवली. तेव्हापासून नियमच झाला. यमुनाबाईंनी हो म्हटल्याशिवाय कोणतंच कार्ड शाईत जायचं नाही. 'तप', 'सेवा', 'संतोष' असे सगळे शब्द त्या पायरीवरून पास झाले. 'माया' तीनदा परत आला, कोशातला 'भ्रम' त्यांना पटेना. "तुमच्या डिक्शनरीले लेकरं नाई झाले वाट्टे," असं त्या म्हणाल्या होत्या.

मग 'निर्माल्य' आला. मी लिहिलं होतं, देवाला वाहून शिळी झालेली, टाकून द्यायची फुलं. त्या हसल्या नाहीत. "टाकून? कुठी टाकता वो तुमी?" मी खरं ते सांगितलं. रोज पिशवीत भरून, तोंड नीट बांधून, घंटागाडीत. माझ्या टापटिपीचं मला कौतुकच होतं. यमुनाबाई उठल्या, चहा तसाच राहिला. आठ दिवस पुडी घेऊन रंजना आली, त्या आल्या नाहीत. नवव्या दिवशी मी रिक्षा करून मळ्यात गेले. मला पाहून त्या म्हणाल्या, "आल्या? मले वाटलं, तुमालेबी गाडीत घालून नेलं." मग शेवंतीच्या वाफ्यांमागचा एक खड्डा दाखवला. गावातल्या दहा-बारा घरांचं निर्माल्य त्या गोळा करून तिथं घालत. खालची माती काळी, भुसभुशीत, मुठीत धरली तर थंड. "देवाच्या अंगावरचे फुलं हायेत म्याडम. मातीले देले, का तीच माती नवे फुलं देते. आपून मधात कायले कचरा करा लागते?"

त्या दिवसापासून मी वेताची टोपली ठेवली आणि दर शनिवारी त्या ती रिकामी करून न्यायच्या. कार्डही सुधारलं... देवाला वाहून झालेली, मातीला परत द्यायची फुलं. वाचून दाखवलं तर मान हलेना. "आता बरोबर हाय. पण पक्कं नोका करू. तुमी सोताच्या हातानं मातीत घातले काय कधी?" मी म्हटलं, येते एखाद्या शनिवारी. त्या एखाद्या शनिवारला चार वर्षं झाली. कधी गुडघे, कधी ऊन, कधी धुतलेली साडी. दिवाळीला डबा तुमच्याकडे पाठवायचं ठरलं होतं आणि एवढं एकच कार्ड पेन्सिलीत उरलं होतं.

त्या आजारी पडून लेकीकडे गेल्यावर मी अकोल्याला भेटून आले. हात हातात घेतला. बोटं हलकी झाली होती, पण नखांत अजून माती होती. "टोपली भरली असन तुमची," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही या, मग रिकामी करू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... रागावून नाही.

तेरावं झाल्यावर मी टोपली घेऊन मळ्यात गेले. रंजना पुढं झाली, "आणा म्याडम, मी टाकतो." मी नाही म्हटलं. ती माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिली. मी तिचा खांदा धरून खाली बसले आणि सगळी फुलं खड्ड्यात पसरली. टोपलीच्या तळाशी वाळलेली, यमुनाबाईंनी स्वतः तोडलेली शेवटची शेवंती होती. वरून दोन्ही हातांनी माती लोटली.

घरी आल्यावर हात न धुताच कार्ड काढलं आणि रिकाम्या पायरीकडे तोंड करून वाचलं. नेहमीसारखी थोडी थांबले. मग शाई फिरवली.

अक्षर बिघडलं की मी कार्ड नवं लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहे. या कार्डाच्या कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा काळा डाग पडला आहे. तो मी तसाच ठेवला आहे. तुम्हीही पुसू नका.