भावोजींची नवी डिस्क

आमच्या भावोजींच्या हातून आयुष्यात कधी चूक झाली नाही. झाल्या त्या सगळ्या त्यांच्या आसपासच्या माणसांकडून झाल्या. माझ्या मोठ्या बहिणीशी, अक्काशी, लग्न लागत असताना बोहल्यावरच त्यांनी भटजींचा एक उच्चार सुधारला होता, आणि भटजी भडकल्यावर “तुमच्या भल्यासाठीच सांगितलं” म्हणून पुन्हा हात जोडून बसले होते. दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, गेले की तव्यावर पाणी कधी शिंपडायचं हे ते डोसेवाल्याला काउंटरवरून ओरडून सांगणार, आणि मागे उभे असलेले आम्ही वरच्या फळ्यावरचे पदार्थ असे वाचत राहणार, जणू या गृहस्थांची आमची ओळखच नाही. एकदा महादेवपुऱ्यात ऑटोवाल्याला “स्वल्प लेफ्ट, स्वल्प राइट” करत त्यांनी अशा ठिकाणी नेलं की समोर एका आयटी पार्कची भिंतच आली. ऑटोवाला मागे वळून बघायला लागला. भावोजी भिंतीकडे बोट करून म्हणाले, “ही इथे कुणी बांधली?” माणसांशी असं वागणारा हा गृहस्थ यंत्रांशी मात्र अदबीनं बोलायचा. अक्काचा मिक्सर घरघरला की, “अहो, सावकाश, घाई नाही!” आणि मशीनच्या खोलीत शिरायचं तर देवळात शिरावं तशा चपला बाहेर.

मोठ्या कंपन्या आपली सगळी माहिती ज्यांत साठवतात ती डिस्कची कपाटं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. बोम्मसंद्र्याला मी ज्या पंपांच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, तिथलं कपाटही त्यांच्याच देखरेखीखाली. त्या कपाटाची गंमत अशी की एखादी डिस्क मेली तरी बाकीच्या तिचा भार उचलतात आणि काम चालू राहतं. पण नवी बसायच्या आत आणखी एक गेली, की नकाशे, ऑर्डरी, पगार सगळं गेलं. एका सकाळी त्यातली एक गेली. पिवळा दिवा लागला, मॅनेजरचा चेहरा त्याहून पिवळा झाला, आणि भावोजी के. आर. पुरमच्या आपल्या स्टोअरमधून नवी डिस्क घेऊन हजर झाले.

मेलेली डिस्क त्यांनी ओढून काढली, टेबलावर नवीच्या शेजारी ठेवली. काढलेल्या डिस्कवर आधी पट्टी चिकटवा, असं हाताखालच्या मुलांना ते शंभरदा बजावायचे. स्वतःला खुणेची गरज काय? मॅनेजरना धुळीचे दुष्परिणाम समजावता समजावता त्यांनी डिस्क खाचेत सरकवली. दिवा पिवळाच. काढली, थांबले, पुन्हा घातली. पिवळाच. मशीन नवी डिस्क काही केल्या घेईना. मग दोष द्यायला होसूर रोडची धूळ झाली, आमची वीज झाली, स्टोअरला माल पोचवणारे कुरियरवाले झाले, आणि शेवटी त्यांनी स्टोअर सांभाळणाऱ्या सरोजाक्कांना फोन लावला. स्पीकरवर, सगळ्यांसमोर.

“जुना माल नवा म्हणून देता? इथे एक कारखाना बुडायला आलाय तुमच्यामुळे! डोळे तपासून घ्या आधी!”

सरोजाक्का त्यांच्याहून वयानं मोठ्या. पलीकडून हलक्या आवाजात कन्नडमध्ये एवढंच आलं, “सॉरी सर. दुसरी पाठवते.” खोलीतली माणसं जमिनीकडे बघायला लागली. मलाही कुठे बघावं कळेना.

दुसरी येईपर्यंत तक्रार तरी नोंदवू म्हणून भावोजी स्क्रीनवरचा नाकारलेल्या डिस्कचा नंबर मोठ्यानं वाचू लागले, आणि अर्ध्यावरच थांबले. हा नंबर सकाळपासून समोरच होता. मेलेल्या डिस्कचा. त्यांनी हळूच टेबलावरची डिस्क उचलून तिची चिठ्ठी पाहिली. नवी कोरी डिस्क इतका वेळ टेबलावर पडून होती, आणि ते मेलेलीच पुन्हा पुन्हा मशीनच्या तोंडात कोंबत होते. मी अगदी जवळ होतो. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

त्यांनी डिस्क बदलली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बाकीच्या डिस्क नवीला आपलं आपलं शिकवू लागल्या.

“झालं? काय होतं हो?” मॅनेजरनी विचारलं.

“कनेक्शन जरा...” भावोजी म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, “नाही. तप्पु नंदे. चूक माझीच. मेलेलीच परत घालत होतो.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा स्पीकरवर. “अक्का, तुमचा माल चांगलाच होता. डोळे माझे तपासायला हवेत. एवढ्या माणसांसमोर तुम्हाला बोललो, म्हणून त्यांच्यासमोरच सांगतो.”

पलीकडून सरोजाक्का म्हणाल्या, “सरी सर. ऊटा आयिता?”

ठीक आहे, जेवण झालं का, एवढंच. फोन माझ्या हातात देऊन भावोजी कपाटाच्या मागे वायरी तपासायला गेले. तिथे तपासण्यासारखं काही नव्हतं. “इन्नू इल्ला अक्का,” मीच सांगितलं, अजून नाही.

संध्याकाळी घरी येताना म्हणाले, “तुझ्या अक्काला सांगू नकोस.” आणि दारात चपला काढता काढता स्वतःच सगळं सांगून टाकलं. अक्का आधी खूप हसली, मग त्यांचा चेहरा पाहून पाणी आणायला आत गेली. दुसऱ्या दिवशी ते सरोजाक्कांना भेटायला स्टोअरमध्ये गेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

आता ते निवृत्त झालेत. आवाज तोच आहे, पण पूर्वीसारखा चढत नाही. घर फार शांत झालंय, असं अक्का म्हणते. म्हणून कधीकधी मी त्यांच्यासमोर मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलतो, अगदी ठोकून. भावोजी मान वर करतात, श्वास घेतात, माझ्या मनात आशा उगवते. मग ते हळूच म्हणतात, “असेल. तुझंही बरोबर असेल.”