मधल्या सीटवरची आत्या

दादाच्या गाडीत आत्याची जागा ठरलेली होती. मागच्या सीटवर, मधोमध. एका खिडकीशी टिटवी, दुसऱ्या खिडकीशी भोपळ्या, आणि मध्ये ही, पाय आखडून, मांडीवर खाऊची पिशवी घेऊन. टिटवी म्हणजे दादाची थोरली. तिचं तोंड उठल्यापासून झोपेपर्यंत मिटायचं नाही, म्हणून टिटवी. धाकटा जन्मला तोच गालांसकट, म्हणून भोपळ्या. दोघांना एकमेकांशेजारी बसवलं की पहिल्या वळणाच्या आत चिमटे सुरू व्हायचे. त्यामुळे मध्ये कुणीतरी लागायचंच.

दर वर्षी शाळांना सुट्ट्या लागल्या की दादाचा फोन यायचा. "येतेस ना गं? पोरं तुझ्याशिवाय हलत नाहीत."

ते खरंच होतं. आत्या बरोबर असली की दादा-वहिनींना चार घटका निवांत मिळतात, हेही तितकंच खरं होतं. आत्याला दोन्ही ठाऊक होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिचं लग्न जमलं नव्हतं. का, म्हणून विचारणारे हळूहळू थकले, आणि मग तीही त्याचा विचार करायची थांबली. एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत ती काम करायची. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, खाचेत अलगद बसवायची, दांडीचा तो डोळ्यांना जेमतेम दिसणारा स्क्रू पिळायचा. गिऱ्हाईक पुढे मालकाशी बोलायचं, हिला कुणी पाहायचंही नाही. संध्याकाळी दुकान बंद झालं की ती आपल्या खोलीवर जायची, एकटीपुरतं काहीतरी शिजवायची आणि रेडिओ लावून जेवायची. वर्षातले ते सुट्टीचे दिवसच तेवढे वेगळे.

त्या दिवसांत मात्र तिला हुरूप चढायचा. भोपळ्याला गाडी लागायची. त्याचा चेहरा पांढरा पडायच्या आधीच हिच्या हातात पिशवी तयार असे. टिटवीसाठी तिने एक खेळ काढला होता. वाटेत एखादं घर दिसलं की त्यात कोण राहतं आणि आत्ता ते कशावरून भांडताहेत, ते सांगायचं.

"त्या निळ्या घरात एक म्हातारा आहे," टिटवी म्हणायची. "तो त्याच्या कवळीशी भांडतोय."

"का?"

"कवळीला पेरू नकोय आणि त्याला हवाय."

पुढे बसलेले दादा-वहिनी हसायचे. वहिनींच्या मांडीवरचा नकाशा घसरून खाली पडायचा. अशा वेळी आत्याला वाटायचं, हा रस्ता संपू नये.

एका वर्षी ते एका मोठ्या तळ्याकाठी गेले होते. काठाला लाकडी खोल्यांची रांग होती, वर पत्रे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दादा-वहिनी सकाळच्या बोटीने पलीकडचा काठ बघायला गेले. "जेवायच्या वेळेला परत," दादा म्हणाला. आत्याने पोरांना खडे गोळा करायला लावलं आणि ती टॉवेल घेऊन बसली.

दुपार व्हायच्या आत वारा सुटला. साधा नाही, माणसाला मागे ढकलणारा. तळ्याचं पाणी काळपट झालं, खुर्च्या लोळत गेल्या. कचेरीतला माणूस दारात येऊन म्हणाला, "बाई, आज काही बोट सुटत नाही. तुमची माणसं पलीकडच्या हॉटेलात सुखरूप आहेत, निरोप आलाय. उद्या येतील." एवढं सांगून त्याने दार लावलं, आणि पाठोपाठ वीजही गेली.

पत्रे धडाधड वाजायला लागले. भोपळ्याने भोकाड पसरलं. टिटवी, जन्मात पहिल्यांदाच, गप्प बसली होती.

"आई बुडली का?" शेवटी तिने विचारलं.

"मुळीच नाही. ती पलीकडे बसून तुमची काळजी करतेय आणि बाबा तिची समजूत घालताहेत."

"मग आपली समजूत कोण घालणार?"

"आपल्याला वेळ कुठे आहे? जहाज बांधायचंय."

तिने दोन्ही पलंग जोडले, खुर्च्या उलट्या करून वर चादर ताणली. भोपळ्या कप्तान झाला. टिटवीला भोंगा केलं, म्हणजे तिचा आवाज कामी आला. गॅसवर तिने अंडी तळली, अंधारात त्यात टरफलं पडली. ती माशांची हाडं आहेत असं तिने सांगितलं, आणि पोरांनी ती थुंकत थुंकत आनंदाने खाल्ली. मग वारा जास्तच ओरडायला लागला तसं तिने वाऱ्याला चिडवायचं एक गाणं रचलं. 'वाऱ्या वाऱ्या, बूट कुठाय, पत्र्यावरती नाचतोस काय' असलं काहीतरी. आवाज तिचा यथातथाच, पण त्या तिघांनी मिळून पत्र्यांच्या वरताण कल्ला केला. पोरं झोपली तेव्हा टिटवीने तिच्या कानाची पाळी मुठीत धरली होती. आत्या तशीच अवघडून पडून राहिली. मान आखडली, पण ती हलली नाही.

सकाळी वारा पडला. शेजारच्या खोलीतल्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय गुणी आहेत हो तुमची मुलं! एवढ्या वादळात नुसतं गाणं ऐकू येत होतं."

"हो," आत्या म्हणाली. तेवढंच.

"ही आमची आई नाहीये," भोपळ्याने तोंडातला पाव न गिळता सांगून टाकलं. "आत्या आहे."

बाई हसल्या. आत्याही हसली.

दुपारी बोट आली. वहिनी धक्क्यावरून धावत आल्या, दोन्ही पोरांना कवटाळून ढसाढसा रडल्या. आत्या आत जाऊन चादरीच्या घड्या घालायला लागली.

पुढे पोरं मोठी झाली. गाडीत चिमटे काढायचं वय गेलं, मग आईबापांबरोबर जायचंही गेलं. दादाचा फोन यायचा थांबला तो कुणी ठरवून नव्हे, गरज उरली नाही इतकंच. पहिल्या वर्षी आत्याने बॅग काढून पुसून ठेवली होती. सुट्टीचे दिवस आले आणि गेले. मालकाने विचारलं, "यंदा रजा नको का?" ती म्हणाली, "नको, काम पडलंय." काम खरंच होतं. त्या दिवसांत लोक रंगीत काचांचे चष्मे करून घ्यायचे, पोरांच्या चष्म्यांना मागून पट्टे लावून न्यायचे. कोण समुद्रावर निघालंय, कोण डोंगरावर, ते तिला मागच्या खोलीत बसून कळायचं.

बरीच वर्षं गेली. दादा नोकरीतून निवृत्त झाला तेव्हा घरी सगळ्यांचं जेवण होतं. भोपळ्या आता ताडमाड, गालांचा पत्ता नाही, बरोबर नवी नवरी. टिटवीच्या कडेवर तिची मुलगी. टिटवी म्हणाली, तिला पोरीला घेऊन कुठेतरी पाण्याकाठी जायचंय. तसा भोपळ्या बायकोकडे वळला.

"तुला ते वादळाचं सांगितलंय ना मी? बाबा पलीकडे अडकले होते, आणि आम्ही अंधारात. आईने काय केलं माहितीये? पलंगांचं जहाज केलं! मला कप्तान केलं. आणि ते वाऱ्याचं गाणं... कसं होतं गं आई?"

वहिनी भात वाढत होत्या. त्यांचा हात थांबला.

"टरफलाची अंडी!" टिटवी ओरडली. "आई, तू ती माशांची हाडं म्हणून खपवलीस!" मग तिला काहीतरी आठवलं. "आत्या, त्या वर्षी तू होतीस का गं आमच्याबरोबर?"

आत्याने पाण्याचा पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"असेन," ती म्हणाली. "आता नीटसं आठवत नाही."

जेवणं झाल्यावर ती भांडी विसळत होती. वहिनी मागून आल्या आणि दार लोटून घेतलं.

"वन्सं, बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?"

"मला सगळं आठवतं. तो गेली दोनतीन वर्षं असंच सांगतोय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मी टोकायला हवं होतं." वहिनी ओट्याला टेकल्या. "त्या हॉटेलात काय झालं सांगू? जेवले आणि झोपले. कितीतरी वर्षांनी पोटभर झोपले. पोरांची आठवणसुद्धा आली नाही. सकाळी स्वतःचीच लाज वाटली, म्हणून तशी धावत आले. आणि आता तो माझं असं कौतुक करतो... नाहीतर त्यांच्या लक्षात मी कशी आहे? ओरडणारी. अभ्यास घे, दूध पी, लवकर आवर. एवढीच."

आत्या नळाकडे बघत होती.

"मी सांगते त्यांना," वहिनी म्हणाल्या. "आत्ता सांगते."

"नको. राहू द्या. तुमच्याकडेच राहू द्या."

वहिनींनी तिचे ओले हात धरले. आत्याला ते सोडवून घ्यावेसे वाटले, पण तिने तसं केलं नाही.

बसमध्ये मात्र तिचा जीव जळत होता. आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं तिला क्षणभरही वाटलं नाही. तिला ते परत हवं होतं. जहाज, टरफलं, कानाची पाळी, सगळं. ओठांतल्या ओठांत तिने ते गाणं म्हणून पाहिलं. एकही ओळ निसटली नव्हती. समोरच्या बाईने तिच्याकडे वळून पाहिलं तशी ती गप्प झाली.

त्या उन्हाळ्यात तिने रजा मागितली. मालकाला एवढं नवल वाटलं की त्याने चष्मा काढून तो विनाकारण पुसला. ती समुद्रकाठच्या एका लहानशा गावी गेली. त्यांच्यापैकी कुणीही कधी तिथे गेलेलं नव्हतं, म्हणूनच तिने ते निवडलं.

"एकट्याच?" नोंदवहीवरून मान वर करत तिथल्या बाईंनी विचारलं.

"एकटीच."

खोलीत एकच पलंग होता. पहिले दोन दिवस ती परत जायचं म्हणत होती. अडचण अशी की काही दिसलं की तिची मान आपोआप बाजूला वळायची. एका होडीच्या टोकावर एक कुत्रं कप्तानासारखं उभं होतं. "ते बघ, ते बघ," ती मोठ्याने म्हणाली, आणि शेजारी कुणीच नव्हतं. जाळं निवडणाऱ्या एका माणसाने मान वर करून पाहिलं आणि तो पुन्हा कामाला लागला. ती तशीच बसून कुत्र्याकडे बघत राहिली. एरवी तिने एवढा वेळ एखादी गोष्ट कधी पाहिली नव्हती. कुणाची तरी नाकं पुसायची असायची.

तरी घेतलेली रजा तिने पूर्ण काढली.

पुढच्या वर्षी सुट्ट्या लागायच्या सुमारास फोन वाजला. टिटवी.

"आत्या, आम्ही निघतोय गं आठवडाभर. येतेस? पोरगी गाडीत नुसती पिरपिर करते. तुझ्याकडे छान राहील ती."

आत्याच्या तोंडाशी हो आलं होतं. ती पोर मांडीवर बसेल, घरांमधली भांडणं ओळखेल, मूठ आवळून झोपेल. आणि एक दिवस, मोठी झाल्यावर, आपल्या आईला विचारेल, 'आई, तू ते गाणं कसं म्हणायचीस गं?'

"या वेळी नाही गं," ती म्हणाली. "माझी खोली ठरलीय. समुद्रावर."

"तू? एकटी?" टिटवी हसली. "मज्जा आहे बाई तुझी!"

"हो ना," आत्या म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती त्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. पुन्हा लावावा, सांगावं की जमवते, असं दोनदा तरी तिच्या मनात आलं. मग ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली आणि एकटीपुरते बटाटे चिरायला घेतले.